पाटी कुणाच्या डोक्यावर

मुरुड,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

चि. बाळास,


काल दर्याला नारळ वाहून झाला आणि आज पहाटे होड्या बाहेर पडल्या. दोन महिने किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांची इंजिनं एकामागून एक सुरू झाली की सगळ्या गावाला जाग येते. त्या आवाजात बसून तुझं पत्र पुन्हा वाचलं.

युद्धानं आणि दंगलींनी दुभंगलेल्या देशांत कायद्याचं काय काम, यावर तुला निबंध लिहायचाय. वाचता वाचता तुझं मन उतरलंय. तू लिहिलंस, "आजोबा, जिथे शेजाऱ्यानेच शेजाऱ्याचं घर जाळलं, तिथे कोर्ट काय करणार? कायदा शेवटी जिंकणाऱ्याच्या हातात असतो. मग मी हे शिकतेय कशाला?"

हा प्रश्न तुला पडला याचं मला बरं वाटलं. कायदा शिकणाऱ्याला हा प्रश्न पडलाच नाही तर ती काळजीची गोष्ट. मी काही वकील नाही. अडतीस वर्षं वकिलांकडे कारकुनी केली; दावे टंकले, वकालतनाम्यांवर अंगठे घेतले, तारखा डायरीत उतरवल्या आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बसलेल्या माणसांची तोंडं पाहिली. तिथे जे शिकलो तेच सांगतो.

एक बाई आठवते. कोळीण होती. वादळात तिच्या नवऱ्याची होडी गेली ती परत आलीच नाही. ना फळी मिळाली, ना प्रेत. पोलीस ठाण्यात खबर दिलेली, तिची चार घड्या घातलेली नक्कल तिच्यापाशी होती. नवऱ्याच्या नावावर बँकेत थोडे पैसे, घर त्याच्या नावावर. बँक म्हणायची, मृत्यूचा दाखला आणा. दाखला देणारे म्हणायचे, प्रेत नाही तर दाखला कसा देणार? "तो गेला हे तुम्ही सिद्ध करा बाई." हे वाक्य तिने सात वर्षं वेगवेगळ्या खिडक्यांवर ऐकलं. आमच्याकडे आली तेव्हा बाजारातून थेट आली होती. मासळीची पाटी तिने बाहेर, पायरीखाली ठेवली. मी म्हटलं, आत आण, कुत्री तोंड घालतील. तर म्हणाली, "नको, वास येतो." आणि उभीच राहिली.

वकीलसाहेबांनी पुरावा कायदा उघडला आणि १०८ वं कलम तिला साध्या शब्दांत सांगितलं. ज्याची खबर एरवी त्याच्या माणसांना मिळाली असती, अशा माणसाची सात वर्षं काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे शाबीत करण्याचा भार तसं म्हणणाऱ्यावर जातो. बाई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आता मी नाय, त्यांनी सांगायचा?"

बाळा, न्याय म्हणजे काय यावर मी पुष्कळ भाषणं ऐकली. त्या बाईच्या या एका वाक्याएवढं नेमकं काही ऐकलं नाही. सात वर्षं डोक्यावर असलेलं ओझं कायद्याच्या एका ओळीनं उतरलं आणि दुसऱ्याच्या डोक्यावर गेलं. पुढे दावा लावला, त्यातही दीड-दोन वर्षं गेली. हुकूमनामा हातात आला तेव्हा तिने तो मला दोनदा वाचून दाखवायला सांगितला. त्यात तिच्या नवऱ्याचं नाव बापाच्या नावासकट, आडनावासकट, पूर्ण लिहिलेलं होतं. ते ऐकून तिने पाटी उचलली आणि बाजाराला गेली, कारण मासळी थांबत नाही.

तुझ्या निबंधातल्या देशांकडे या बाईच्या जागेवरून बघ, एवढंच माझं सांगणं आहे. समाज दुभंगला की शाबितीचा भार नेहमी ज्याला लागलंय त्याच्याच डोक्यावर येऊन बसतो. घर जळालं? तुझंच होतं हे दाखव. मुलगा उचलून नेला? कोणी नेला ते सांग. पाण्यावर हक्क सांगतोस? सनद आण. बलवानाला कोणी काही विचारत नाही. कायदा खरा की नावापुरता, हे ओळखायची खूण माझ्यापुरती एकच आहे: ही पाटी तो कुणाच्या डोक्यावरून उतरवतो आणि कुणाच्या डोक्यावर ठेवतो.

काश्मीरमध्ये ज्यांचे नवरे बेपत्ता झाले त्या बायकांना लोक 'अर्धविधवा' म्हणतात. ना सवाष्ण, ना विधवा. श्रीलंकेत १९८३ पासून २००९ पर्यंत युद्ध चाललं. तिथल्या कितीतरी आयांनी मुलांच्या मृत्यूचे दाखले घ्यायला नकार दिला, कारण मेला असं लिहून घेतलं की कोणी नेला हा प्रश्नच मिटतो. शेवटी २०१६ साली तिथे कायदा झाला आणि 'गैरहजेरीचा दाखला' देण्याची सोय झाली. माणूस नाहीसा झालाय एवढंच सरकार लिहून देतं; तो मेला असं आईच्या तोंडून वदवून घेत नाही. कागद एवढासा, पण भार कुठे ठेवायचा याचा विचार त्यात आहे.

आता महाडकडे चल. चवदार तळं तुला शाळेपासून माहीत आहे. सत्याग्रहाचं चित्र, पुतळा, पाठातला उतारा. पण त्या तळ्यावर दहा वर्षं खटला चालला आणि तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. दुभंगलेल्या समाजातल्या कायद्यावर तुला लिहायचं असेल तर आपल्याच जिल्ह्यातला हा खटला आधी वाच. इथे युद्ध झालं नव्हतं. पण एकाच गावातली माणसं एकाच तळ्याकडे दोन वेगवेगळ्या देशांतल्यासारखी बघत होती.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला: सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कोर्टंसुद्धा अस्पृश्यांना खुली असावीत. यादीतला 'कोर्टं' हा शब्द डोळ्यांआड करू नकोस. न्याय मागायला ज्या इमारतीत जायचं तिचं दार उघडण्यासाठीही ठराव लागला होता. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केलं. पण ते कागदावर. तळ्यावर जायची कुणाची छाती झाली नाही.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर महाडला अस्पृश्यांच्या परिषदेसाठी जमलेल्या लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. नंतर गावात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्याकाठ्या घेऊन लोक मंडपावर आणि गल्ल्यांत एकट्यादुकट्यावर तुटून पडले. मार खाल्लेल्यांपैकी काहींनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. डॉ. आंबेडकरांनी आपल्या माणसांना उलट हात उचलू दिला नाही. काही हल्लेखोरांवर पुढे खटले होऊन शिक्षाही झाल्या. पण इकडे तळ्यात गोमूत्र, शेण, दूध, दह्याच्या घागरी ओतून त्याचं 'शुद्धीकरण' झालं आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला.

मग डिसेंबरमध्ये पुन्हा सत्याग्रह करायचा ठरलं. तेव्हा गावातले काही सवर्ण कोर्टात गेले. १२ डिसेंबरला दावा दाखल झाला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाईहुकूम मिळाला: डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या लोकांनी तळ्यावर जाऊ नये. दोन दिवसांत! तुझं 'कायदा जिंकणाऱ्याच्या हातात' हे वाक्य त्या दिवशी अगदी खरं होतं. तहानलेल्याला अडवायला कोर्टाचा कागद दोन दिवसांत निघाला.

२५ डिसेंबरला परिषद भरली. मंडपाला जागा कोणी देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. त्याच संध्याकाळी मनुस्मृतीचं दहन झालं. हजारो माणसं आली होती, तुरुंगात जायच्या तयारीनं आली होती. बहुतेकांचं म्हणणं, हुकूम मोडू या. दोन दिवस खल झाला. शेवटी डॉ. आंबेडकरांच्या सांगण्यावरून सत्याग्रह पुढे ढकलला. लोक मिरवणुकीनं तळ्यापर्यंत गेले आणि पाण्याला हात न लावता परतले.

ऐन तारुण्यात मला हे पटायचं नाही. हजारो माणसं पाठीशी असताना माघार का घ्यायची? कोर्टात वर्षं काढल्यावर त्याचा अर्थ हळूहळू ध्यानात आला. वादींनी दावा लावला तेव्हा त्यांच्याही ध्यानात आलं नसेल, पण त्यांनी स्वतःच पाटी उचलून आपल्या डोक्यावर घेतली होती. मारामारीत त्यांना काही शाबीत करावं लागलं नव्हतं, लाठी पुरली होती. दाव्यात मात्र म्हणणं लिहून द्यावं लागतं, सही करावी लागते, साक्षीदार आणावे लागतात आणि त्यांची उलटतपासणी होते. त्यांनी लिहून दिलं की तळं खाजगी आहे आणि अस्पृश्यांनी तिथलं पाणी न घेण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे. कोर्ट म्हणालं, ठीक. शाबीत करा.

विचार कर. शेकडो वर्षांत या समाजात 'हे पूर्वापार चालत आलंय' म्हणणाऱ्याला 'दाखव' असं कोणी म्हटलं नव्हतं. बोलणाराच बलवान, साक्षीदारही तोच आणि निवाडा करणाराही तोच. आता पहिल्यांदा त्याला पिंजऱ्यात उभं राहून सांगावं लागलं की केव्हापासून, कशावरून, कुणी पाहिलं. आणि त्याला ते जमलं नाही. १९३१ साली महाडच्या कोर्टाने दावा फेटाळला. १९३३ साली ठाण्याला अपील फेटाळलं गेलं. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांनी शेवटचा निकाल दिला: तळं नगरपालिकेचं आहे आणि अनादी वहिवाट शाबीत झालेली नाही. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा ठोठावणारे ते हेच ब्रूमफील्ड. एकाच माणसाच्या हातून कायदा कसा दोन तऱ्हांनी चालतो, ते यात दिसतं.

या निकालातली उणीवही तुला सांगायला हवी. वहिवाट शाबीत झाली असती तर ती न्याय्य ठरली असती का, या प्रश्नात न्यायालय शिरलं नाही. दावा पुराव्यावर पडला. माणसाला पाणी नाकारणं हेच मुळात चूक, असं कोणी म्हटलं नाही. ते म्हणायला स्वतंत्र देशाची घटना लागली. महाडच्या दाव्यातला प्रतिवादी पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. घटनेचं १५ वं कलम काढून वाच. त्यात विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांची नावं घेऊन सांगितलंय की तिथे जात, धर्म, लिंग वगैरे कारणांनी कुणाला अडवता येणार नाही. देशाच्या घटनेत 'तलाव' हा शब्द येतो, तो वाचताना मला प्रत्येक वेळी महाड दिसतं. १७ वं कलम अस्पृश्यताच नष्ट करतं. आणि हक्क मोडला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जायची वाट देणारं ३२ वं कलम, त्याला डॉ. आंबेडकरांनी घटनेचा आत्मा म्हटलं होतं. ते का, हे ज्याने पाण्यासाठी दहा वर्षं दावा लढवला त्यालाच पक्कं ठाऊक.

दहा वर्षं! ही गोष्टही विसरू नकोस. १९२७ साली जी मुलं आईच्या कडेवर बसून परिषदेला आली असतील ती निकालापर्यंत काम करायच्या वयाची झाली. न्याय मिळाला असं आपण म्हणतो, पण त्या दहा वर्षांतली तहान कुणी भरून दिली नाही. निबंधात महाडचा विजय लिहिशील तेव्हा ही दहा वर्षंही लिही.

आणखी एक गोष्ट, आपल्या घराजवळची. महाड सावित्रीच्या काठी. तीच सावित्री खाली बाणकोटच्या खाडीत उतरते तेव्हा तिचा उत्तरेकडचा काठ त्या काळी जंजिरा संस्थानात मोडायचा. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा, हा आपला सगळा मुलूख सिद्दी नवाबांचा. मुंबई उच्च न्यायालयाचा हुकूम इथे चालत नव्हता. महाडच्या माणसाला जे दार मोठ्या कष्टानं का होईना ठोठावता आलं, ते दार खाडीअलीकडच्या माणसाला नव्हतंच. त्याची वाट संस्थानापाशीच संपायची. पाणी तेच, जात तीच, अन्याय तोच, फक्त सरहद्दीमुळे न्यायाची वाट वेगळी. १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं तेव्हा इथल्या माणसांना झेंडा मिळाला हे सगळे सांगतात. मी म्हणतो, त्यांना मुंबई उच्च न्यायालयात अपिलाचा हक्क मिळाला. न्याय कायद्याच्या पुस्तकात असून भागत नाही. तुझ्या पायांना चालत जाता येईल अशा जागी तो असावा लागतो.

आता जे लिहायला हात जड होतो ते लिहितो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये दंगलींत मुंबई जळाली. त्याच सुमारास आपल्या समोरच्या दिघीला जानेवारीत आणि खाली श्रीवर्धनजवळच्या शेखाडीला फेब्रुवारीत शस्त्रं आणि स्फोटकं उतरली. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. आगरदांड्याच्या धक्क्यावरून दिघी दिसते. त्या दिवसांत या किनाऱ्यावर माणसं हळू आवाजात बोलायला लागली. ज्यांच्यासोबत पिढ्यान्‌पिढ्या होडी हाकली, जाळी विणली, त्यांच्याकडे लोक तिरक्या नजरेनं बघू लागले. न बोलता प्रत्येक मुसलमान घराच्या डोक्यावर ती पाटी ठेवली गेली: तू त्यातला नाहीस हे सिद्ध कर.

कोर्ट अशा वेळी काय करतं बघ. बॉम्बस्फोटाच्या खटल्यात विशेष न्यायालयाने १२३ आरोपींचा निवाडा एकेक करून दिला. त्यात १०० जण दोषी ठरले आणि २३ सुटले. दोषींत कस्टमचे आणि पोलीस खात्याचे लोकही होते. म्हणजे गुन्हा जातीचा नाही, धर्माचा नाही, गावाचा नाही. अमुक माणसाचा आहे आणि अमुकाचा नाही, हे कोणीतरी बसून वेगळं केलं. फाटलेल्या समाजाला याची फार गरज असते. गुन्हा एकेका माणसाच्या नावावर नीट लिहिला गेला नाही तर तो सगळ्या वस्तीच्या नावावर चढतो.

पण त्याच वर्षाची दुसरी बाजू अपुरी राहिली. दंगलींच्या चौकशीला न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांचा आयोग नेमला. मध्ये तो गुंडाळला गेला, पुन्हा सुरू झाला आणि १९९८ साली त्याने अहवाल दिला. ९०० माणसं दोन्ही दंगलींत मेली, त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. १६८ जण बेपत्ता. दंगलीतले कितीतरी गुन्हे पोलिसांनी 'ए समरी' करून बंद केले. आमच्या भाषेत 'ए समरी' म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी सापडत नाही. ज्याचं दुकान जळालं त्याने शेजारच्याचं नाव घेऊनही कागदावर आरोपी अज्ञात. पाटी परत त्याच्याच डोक्यावर. एका बाजूच्या मेलेल्यांना न्यायालयात नाव मिळालं आणि दुसरीकडच्या पुष्कळांना मिळालं नाही, की जखम वरून भरते आणि आत चिघळत राहते.

२०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने या दंगलींबाबत निकाल दिला. बेपत्ता १६८ पैकी १०८ जणांच्या वारसांना भरपाई मिळालीच नव्हती. न्यायालयाने सांगितलं, त्यांना शोधा आणि १९९९ पासूनच्या ९ टक्के व्याजानं पैसे द्या. शोधा, हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो. घरच्यांनी येऊन हक्क शाबीत करावा असं नाही. सरकारने त्यांच्या दारी जावं. तीस वर्षं उशिरा का होईना, भार योग्य डोक्यावर गेला.

इथे एक सावधगिरी. पाटी बलवानाच्या डोक्यावर ठेवायची, पण बलवान कोण हे दर वेळी नीट बघावं लागतं. फौजदारी खटल्यात सरकार आणि आरोपी समोरासमोर असतात तेव्हा दुबळा आरोपीच असतो, त्याच्यावर आरोप कितीही भयंकर असो. म्हणून गुन्हा शाबीत करायचा भार सरकारवर. दहशतवादाविरुद्धच्या 'टाडा' कायद्यात पोलीस अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाबही पुरावा धरला जायचा. त्याचा गैरवापर होतो अशी ओरड देशभर झाली आणि १९९५ साली त्या कायद्याची मुदत वाढवली गेली नाही. भीतीच्या दिवसांत लोक म्हणतात, अशांना कसला पुरावा लागतो? तू वकील म्हणून उभी राहशील तेव्हा तुझी खरी परीक्षा त्या दिवशी आहे.

बाहेरच्या देशांत पाहा. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट गेल्यावर डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग नेमला. १९९६ पासून त्याच्या सुनावण्या गावोगाव झाल्या. ज्यांचं माणूस गेलं त्या आया आपापल्या भाषेत बोलल्या आणि दुभाष्यांनी ते सगळ्या देशाला ऐकवलं. ज्याला माफी हवी त्याने आपण काय केलं ते पूर्ण सांगायचं, अशी अट होती. सातेक हजार अर्ज आले, माफी मिळाली ती त्यांतल्या थोड्यांनाच. म्हणजे तिथेही सांगण्याचा भार करणाऱ्यावर टाकला. मात्र ज्यांनी अर्जच केले नाहीत त्यांतल्या बहुतेकांवर नंतर खटले चालले नाहीत आणि भरपाईही तुटपुंजी मिळाली, ही खंत तिथल्या घरांत आजही आहे. त्यांच्या घटनात्मक न्यायालयाची इमारत जोहान्सबर्गच्या जुन्या किल्ल्यातल्या तुरुंगाच्या जागी उभी आहे. त्या तुरुंगात गांधीजीही होते आणि मंडेलाही. तुरुंगाचा भाग पाडताना निघालेल्या विटा न्यायदालनाच्या भिंतीत बसवल्या आहेत. ज्या विटांनी कोंडलं त्याच विटांच्या साक्षीनं आता न्यायाधीशांना बोलावं लागतं.

रवांडात १९९४ च्या नरसंहारानंतर आरोपी एवढे की नेहमीच्या कोर्टांना ते खटले कित्येक पिढ्या पुरले असते. तेव्हा त्यांनी 'गचाचा' म्हणजे गावच्या गवतावर बसायच्या जुन्या पंचायती उभ्या केल्या. बारा हजारांवर पंचायतींनी २०१२ पर्यंत एकोणीस लाखांच्या आसपास प्रकरणं निकाली काढली. न्याय गावात आला, हे मोठं काम. पण वकील नाही, आणि साक्ष देऊन त्याच गावात राहायचं, म्हणून पुष्कळ जण गप्प राहिले, हेही खरं. न्याय दारी आणला आणि साक्षीदाराला संरक्षण दिलं नाही, तर ओझं पुन्हा तिथेच येतं.

आपल्याकडे दारापर्यंत पोचायची सोय कागदावर चांगली आहे. पैशाअभावी कुणी न्यायाला मुकू नये हे ३९ अ कलम १९७६ साली घटनेत आलं. १९८७ चा विधी सेवा कायदा १९९५ पासून अमलात आहे. बायका, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, अपंग, कोठडीतले कैदी यांना उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो. त्या यादीत जातीय अत्याचार आणि वांशिक हिंसाचार यांत होरपळलेल्यांचाही उल्लेख आहे. १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते. पण हे त्या कोळणीला कोणी सांगितलं नव्हतं. तिला खिडकी माहीत होती, हक्क माहीत नव्हता. तालुक्याला यायचं म्हणजे एका दिवसाचा धंदा बुडतो, तारीख पडली की दुसराही दिवस बुडतो. कनिष्ठ न्यायालयांचं काम मराठीत चालायला हवं असं ठरून कित्येक वर्षं झाली, तरी हातात पडणारा कागद वाचता न आल्यामुळे माझ्यासारख्या कारकुनाकडे बघणारी माणसं मी शेवटच्या दिवसापर्यंत पाहिली. "भाऊ, काय लिवलंय?" या प्रश्नाला नीट, खरं उत्तर देणं, हे मी माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं काम समजत आलो.

तेव्हा तुझ्या प्रश्नाला माझं उत्तर असं. हो, कायदा पुष्कळदा जिंकणाऱ्याच्या हातात असतो. महाडला तो दोन दिवसांत त्यांच्या हातात गेला. पण कायद्याचा आधार घ्यायचा तर जिंकणाऱ्यालाही आपलं म्हणणं लिहून द्यावं लागतं, आणि लिहून दिलं की 'शाबीत कर' म्हणायची जागा दुबळ्याला मिळते. लाठीला असा प्रश्न विचारता येत नाही. ती जागा राखायची, तिच्यापर्यंतचा रस्ता छोटा करायचा आणि तिथे उभं राहणाऱ्याला एकटं पडू द्यायचं नाही, एवढ्यासाठी तू शिकते आहेस. हे काम आयुष्याला पुरून उरेल.

दिवाळीत येशील तेव्हा आपण महाडला जाऊ. तळ्याच्या पायऱ्यांवर बसून तुझा निबंध मला वाचून दाखव. तुझं स्वतःचं ऑफिस थाटशील तो दिवस बघायला मी असेन की नाही ठाऊक नाही, म्हणून आत्ताच एक गोष्ट मागून ठेवतो. पुस्तकांची कपाटं सावकाश कर, खुर्च्याही सावकाश घे. पण दाराच्या आत एक मोकळा कोपरा ठेव, पाण्यानं धुता येईल अशा फरशीचा. एखादी बाई बाजारातून थेट आली, तर तिला आपली पाटी बाहेर पायरीखाली ठेवावी लागू नये.

तुझे,
आजोबा